कुलूपबंद घरातले ताजे रक्त

ही घटना खरी आहे. माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत घडलेली. आमच्या घराण्यात थापा मारण्याची पद्धत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी इथेच थांबावे.

जुलैचा तिसरा मंगळवार. हिवतापाच्या प्रयोगशाळेत ती घराघरांतून नळ्यांत पकडून आणलेल्या डासांची पोटे उघडून जंतू शोधत होती. एकाच गल्लीत अकरा जण तापाने फणफणले होते. पाच वर्षांची एक पोर तर तिसऱ्यांदा. मूळ रोगी सापडून त्याला औषध मिळेपर्यंत साथ हटणार नव्हती.

बाकी सर्व घरांचे डास स्वच्छ निघाले.

एका नळीतले मात्र... टम्म फुगलेले. आत माणसाचे रक्त. लालभडक, म्हणजे आदल्याच रात्री प्यालेले. आणि जंतूंनी खच्चून भरलेले.

नळीवर घर क्रमांक सात.

ते घर कित्येक वर्षे बंद होते.

तिने डास पकडणाऱ्याला फैलावर घेतले. "क्रमांक चुकवलास ना? तिथे कोण झोपतं, तुझा सासरा?"

"सासरा असता तर घोरला असता, बाई. कुलूप मीच उघडलं. आत चिटपाखरू नाही."

दिवेलागणीला ती स्वतः गेली.

खोलीत एक लाकडी पलंग. गादी नाही. धुळीत फक्त त्या डास पकडणाऱ्याची पावले.

डास तिच्याकडे फिरकलेच नाहीत. ते पलंगावर उतरले... फळ्यांपासून वीतभर उंच, नुसत्या हवेवर बसले...

उठले तेव्हा त्यांची पोटे लाल होती.

मग पलंग वाजू लागला. थडथड... थडथड... हीव भरलेल्या माणसाखाली वाजतो तसा.

दुसरी असती तर पळाली असती. हिच्या डोळ्यांपुढे ती पोर होती. दुसऱ्या दिवशी तिने गोळ्या आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवला आणि दरडावले, "तीन दिवस. एकही चुकवायची नाही."

रोज सकाळी पेला रिकामा...

चौथ्या दिवशी तिथले डास उपाशी निघाले. पलंगाच्या फळ्या मात्र ओल्याचिंब होत्या. माणसाच्या आकाराची ओल. ताप उतरताना सुटतो, तो घाम.

त्यानंतर गल्लीत नवा रोगी निघाला नाही. पोर शाळेत जाऊ लागली.

मी म्हणाले, "मोठं काम केलंस. आता विसर ते."

ती दाराकडे पाहत म्हणाली,

"जाऊबाई, आजारी होता तोवर तो पलंगाला खिळलेला होता. मी त्याला उठवलं."

तेव्हापासून दार वाजले, की आम्ही दोघी आधी एकमेकींकडे पाहतो.