कुजबुजणारा डिफेंडर

दार उघडं होतं म्हणून तो आत आला, आणि तोंड उघडेना म्हणून आतच राहिला. शेजारच्या दारावर घशाच्या डॉक्टरांची पाटी होती, या दारावर नुसतंच ‘आवाज’. आत बातम्या वाचायला शिकणारी पाच-सहा जणं पोटावर हात ठेवून ‘आऽऽ’ करत होती. हा उंचापुरा गडी मुकाट त्यांच्यात उभा राहिला आणि ‘आऽऽ’ करू लागला. तास संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, डॉक्टर कधी येतील?

शिकवणाऱ्या मुलीला हसू आवरेना. चुकीच्या खोलीत आलोय हे सांगायला माणसाला अख्खा तास लागावा? तिला एकदा कुतूहल वाटलं की संपलंच. त्याला खुर्चीत बसवून तिनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल क्लबच्या राखीव संघात तो डिफेंडर होता. मुख्य संघात एक जागा रिकामी होत होती. पाय उत्तम, डोकं थंड, पण मैदानावर तोंडातून शब्द फुटत नव्हता. बॉल आपण घेणार असलो तर ‘माझा’ म्हणून ओरडायचं असतं. मागच्या सामन्यात हा ओरडला नाही, गोलकीपरवर जाऊन आदळला आणि बॉल आरामात जाळ्यात गेला. कोचनी बजावलं होतं, रविवारच्या सामन्यात आवाज ऐकू आला नाही तर लांबच्या एका छोट्या क्लबात रवानगी. म्हणून बिचारा घसा दाखवायला निघाला होता.

“घसा ठणठणीत आहे तुझा,” ती म्हणाली. “ओरडत का नाहीस?”

“सवय नाही... बाबा रात्रपाळीला असायचे, दिवसा झोपायचे. आम्ही भावंडं भांडायचो तेसुद्धा कुजबुजत.”

ते कुजबुजतं भांडण डोळ्यांसमोर आलं आणि तिचा जीव तिथंच विरघळला. उद्यापासून ये, म्हणाली.

मग रोज संध्याकाळी ती खोलीच्या एका टोकाकडून उशी फेकायची आणि त्यानं ‘माझा’ म्हणून झेलायची. झेलायचा सुरेख, म्हणायचा मात्र लाजून. मधूनमधून तिचे प्रश्न चालूच. समोरचा अंगावर धावून आला की बघतोस कुठं?

“पायांकडे. डोळे फसवतात.”

“तरीच माझ्या चपला तुला पाठ झाल्यात.”

त्याचे कान लाल झाले. “तुमच्या डोळ्यांकडे बघितलं तर... फसायला होतं.”

पुढचा प्रश्न तसाच सोडून तिनं उशी उचलली आणि जरा जोरातच फेकली.

रविवारी ती सामन्याला गेली. विद्यार्थ्याचा आवाज तपासायला, असं स्वतःला सांगून. पहिला अर्धा वेळ हा गप्प. तिनं ओढणीच्या टोकाला पीळ घालून घालून त्याची दोरी केली. मग एक बॉल उंच आला, गोलकीपर पुढं धावला, आणि छपरावरची कबुतरं उडाली. “माझाऽऽ!” त्यानंतर जे तोंड सुटलं ते थांबेचना. सगळ्या बचावफळीला त्यानं ओरडून ओरडून जागेवर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. चेहरा फुललेला, तोंड उघडलं तर आतून नुसती हवा.

“पोटातून नाही, घशातूनच ओरडलास ना?” ती वैतागली. मग जीव मुठीत धरून विचारलं, “घेतलं का संघात?”

त्यानं मान डोलावली. तिनं टाळ्या पिटल्या, गिरकी घेतली, डोळे पुसले. तो अजून दारातच. त्यानं स्वतःकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, आणि पुन्हा ओठ हलवू लागला.

“गप्प. आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही,” ती म्हणाली. पण तो काय म्हणणार होता ते ऐकल्याशिवाय आठवडा काढणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. “बरं... मग मीच सांगते. मला तू आवडतोस. खूप. तुझंही तेच आहे ना?”

त्यानं कानामागं हात धरला. ऐकू आलं नाही म्हणे.

“लबाड आहेस,” ती म्हणाली, आणि खालच्या रस्त्यावरच्या माणसांनी माना वर कराव्यात इतक्या मोठ्यानं तिनं ते पुन्हा सांगितलं.