द्राक्षाच्या खोक्यातल्या वाती

बसा, दिव्याजवळ बसा. वात जरा पुढं सारते. पहिल्यापासून सांगते, म्हणजे मधलं काही सुटायला नको.

कार्तिकातला सोमवार होता. सकाळची कामं उरकून मी खोडदहून जीपनं नारायणगावला गेले. दोनच कामं होती. वातींसाठी पाव किलो कापूस घ्यायचा आणि आदेशच्या मोबाइलच्या दुकानात दुरुस्तीला टाकलेला टीव्हीचा बॉक्स परत आणायचा. बॉक्स म्हणजे ती तळहाताएवढी काळी डबी हो, जिच्यामुळं नेटवरचं सगळं टीव्हीवर दिसतं. आमच्या समृद्धीनं बसवलेली. श्रावणापासून तिला एकच खोड लागली होती. चालता चालता मध्येच मरायची, पडदा काळा व्हायचा आणि दहा-बारा सेकंदांनी आपली आपण परत उठायची. पुन्हा ते गोल फिरणारं चक्र, पुन्हा पहिल्यापासून.

"काकू, दुकानात तीन तास चालवला," आदेश म्हणाला. "एकदा सुदीक बंद न्हाई पडला. तुमच्या घरातच काय तरी हाय."

"घरात काय असणार बाबा?"

"मंग त्या छत्र्यांचं असंल. खोडदकरांचं मिक्सर बिघडलं तरी दुर्बिणीच्या छत्र्यांवर ढकलायचं, मी तरी येगळं काय सांगू?" छत्र्या म्हणजे आमच्या गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या, आभाळाकडं तोंड केलेल्या मोठमोठ्या तबकड्या. मग आदेशनं एका कागदावर काय काय करून बघायचं ते लिहून दिलं. नको ते अॅप काढा, टीव्हीचं दुसरं भोक वापरा, केबल बदला, शेवटी पूर्ण रीसेट मारा. तो कागद मी पोथीत ठेवावा तसा पर्समध्ये जपून ठेवला.

कारण मला तो बॉक्स गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता चालायलाच हवा होता.

गुरुवारी धाराशिवला मुलींच्या राज्यस्तरीय खो-खोची फायनल होती आणि आमची समृद्धी त्या संघात होती. तिचे वडील रामदास तिच्यासोबत गेलेले. घरी मी आणि माझे सासरे, भिमाजी. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर गावच्या पोरींना खो-खो शिकवला. श्रावणात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायला काहीतरी कारण मिळायला पाहिजे. मोबाइलवर खेळ लावून दाखवला तर नानांना नुसत्या मुंग्या दिसायच्या. निघताना समृद्धी त्यांच्या पायाशी बसून म्हणाली होती, "नाना, तुमी बघताय म्हणूनच मी खेळणार हाय. टीव्ही लावा हं." ते कारण माझ्या हाती होतं, आणि ते त्या डबीत अडकून बसलं होतं.

दुसरी गोष्ट माझ्या नेमाची. माझ्या सासूबाई, सोनीबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांनी लाख वातींचा नेम धरला होता. त्रेसष्ट हजार वाती वळून झाल्या आणि त्या गेल्या. त्याला दोन वर्षं झाली. उरलेल्या मी वळत होते. शंभराची एक जुडी, दोऱ्यानं बांधलेली, आणि सगळ्या जुड्या द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. आत्याबाई डावखुऱ्या होत्या. बोटांना शेणीची राख लावून त्या वात वळायच्या, पण त्यांच्या वातीचा पीळ उलटा पडायचा. अंधारात बोटानं चाचपून सांगता येईल, ही त्यांची, ही माझी. शुक्रवारी त्रिपुरी पौर्णिमेला उद्यापन होतं आणि माझी एकच जुडी उरली होती.

सोमवारी संध्याकाळी बॉक्स जोडला. दिवेलागण झाली, देवापाशी दिवा लावला, चटई टाकली. टीव्हीच्या टेबलाखालून वातींचा खोका पुढं ओढला, कापूस काढला, खोका परत आत सारला. नाना त्यांच्या खाटेवर उशीला टेकून. भजन लावलं. पाच मिनिटांनी पडदा काळा झाला.

काळा पडदा आरशासारखा असतो हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यात खोली दिसत होती. मी दिसत होते, नानांची खाट दिसत होती. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथं आत्याबाई बसायच्या, तिथं एक गुडघा उभा करून कुणीतरी बसलेलं.

मी वळून पाहिलं. कोपऱ्यात केरसुणी होती. म्हटलं, तिचीच सावली. बॉक्स परत उठला, भजन सुरू झालं, आणि खोलीत वात विझल्यावर येतो तसा वास दरवळला. लाख वातींच्या घरात तो वास येणारच. मी त्याचं काहीच मनावर घेतलं नाही.

मंगळवारी आदेशच्या कागदावरचं सगळं केलं. अॅप काढली, भोक बदललं, केबल बदलली. दिवसभर चालला. मी देवाला साखर ठेवली. तिन्हीसांजेला चटईवर बसले, खोका ओढला, सारला, आणि पुन्हा काळं. तो वास... आणि पडद्यात ती आकृती आता खाटेच्या पायथ्याशी होती. पाठमोरी. डोईवरून पदर.

शेजारची वैजयंती दुधाचं भांडं घेऊन आली तेव्हा मी दारातच उभी होते. तिचा नवरा दुर्बिणीच्या तिथं कामाला आहे.

"रुपालीवहिनी, तोंड का उतरलंय? परत बॉक्स का?"

"छत्र्यांचं असेल का गं?"

"आमच्या ह्यांना इचारलं मी. ते म्हनले, त्या छत्र्या काय सोडत न्हाईत. नुसत्या ऐकत्यात."

"कुणाचं?"

"लई लांबचं. कवाच होऊन गेलेलं, ते आत्ता पोचतं म्हने." तिनं भांडं माझ्या हातात दिलं. "तुमचं वातींचंच चालू द्या. डोकं नका चालवू तिन्हीसांजेला."

ती हसत गेली. मला हसू आलं नाही. आत नाना टीव्हीकडं पाहतच नव्हते. त्यांची नजर टीव्हीच्या खाली, टेबलाखाली लागलेली. डाव्या हातानं ते चादर ओढत होते.

"नाना, काय हवंय?"

"ऊ... ऊ..."

मी पाणी पाजलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, शिकवूनही न शिकणाऱ्या पोरीपुढं मिटायचे तसे.

बुधवारी पूर्ण रीसेट मारला. पासवर्ड सांगताना समृद्धी फोनवर हसत होती. "आई, टीव्ही लागला न्हाई तरी चालंल गं." पण आवाज हसत नव्हता. त्या संध्याकाळी पडद्यातली बाई चटईच्या काठाशी आली होती. माझ्यापासून हातभर. मी मान वळवली नाही. हळूच म्हटलं, "आत्याबाई... काही राहिलंय का? एकच जुडी आहे. करते मी पुरी..." चक्र फिरू लागलं. माझ्या मानेवर गार हवा लागत होती आणि दार तर लावलेलं होतं.

गुरुवार. मी उपास धरला. पाचला सामना सुरू झाला आणि बॉक्स चालला. पहिला डाव चालला, दुसरा चालला. समृद्धीचा संघ दोन गुणांनी मागं होता. तिला चौकात बसलेली पाहिली आणि नानांचा डावा हात उठला. मला वाटलं, झालं, जिंकलं आपण. शेवटची जुडी वळायला घ्यावी म्हणून मी खोका पुढं ओढला, कापूस घेतला, खोका आत सारला.

पडदा काळा झाला.

बाहेर उजेड सरत आलेला. खोलीत देवापुढचा दिवा आणि पडद्यात आम्ही. नाना, मी, आणि माझ्या पाठीला लागून ती. आता तिचं तोंड माझ्याकडं होतं, पण पदराखाली काही दिसत नव्हतं. तिचा हात वर गेला. डावा.

दहा सेकंद झाली. बारा झाली. ह्या खेपेला चक्र आलं नाही.

मग पाठीवर हात पडला. पुरा पंजा, थोडा खरखरीत. आणि त्याच वेळी खाटेवरून आवाज आला, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"खो."

तीन महिन्यांत नानांचा पहिला शब्द. मी वळणार होते, देवाशप्पथ वळणार होते. पण ह्या घरात मी वीस वर्षं ऐकलेलं आहे, ओसरीवर पोरींना बसवून नाना सांगायचे ते. पाठीवर हात पडला की मागं बघायचं न्हाई. कोन हाय ते इचारायचं न्हाई. उठायचं आन् पुढं पळायचं.

मी उठले आणि पुढं गेले. पुढं टेबल होतं आणि टेबलाखाली खोका. खोका खसकन ओढला तर मागून धुराची एक रेघ वर आली. भिंतीशी वायरचा जुना बोर्ड पडलेला. बॉक्सची पिन त्यातच होती. पिन अर्धी बाहेर, भोवतीचं प्लॅस्टिक काळं पडून वितळलेलं, आणि खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याला डोळ्याएवढं लाल भोक. त्याच्या आत कापूस धुमसत होता.

सगळं एका दमात समजलं. श्रावणात नानांची खाट आत घेताना मी तो खोका तिथं कोंबला होता. रोज संध्याकाळी वातींसाठी ओढायचा, सारायचा, आणि दर खेपेला पिनेला धक्का. आदेशच्या दुकानात खोका नव्हता, म्हणून तिथं बॉक्स चालला. आणि तो वास जळत्या कापसाचाच होता. लाख वाती वळणाऱ्या बाईला कापूस जळल्याचा वास ओळखू आला नाही. दारापासून आठ हात आत, उठता न येणारा माणूस, आणि त्याच्या पायाशी लाखभर वाती.

धावत जाऊन मेन बंद केला. खोका फरफटत अंगणात नेला आणि घागरभर पाणी ओतलं. चुर्र झालं. मग हात जोडायलाही थांबले नाही, कारण आत सामना चालू होता.

देवघरातल्या दिव्यांच्या माळेला वेगळा बोर्ड आहे, नवाच. तो उपसला. "देवा, तासभर तेलाच्या दिव्यावर काढ," म्हटलं. जळका बोर्ड चिमट्यानं बाहेर काढला, नवा जोडला, मेन लावला. चक्र फिरलं. मी आदेशच्या कागदावरच्या सगळ्या ओळी मंत्रासारख्या म्हणत होते.

चित्र आलं तेव्हा एक मिनिट बारा सेकंद उरली होती. बरोबरी झालेली. विरुद्ध संघाची एकच पोर मैदानात, वाऱ्यासारखी पळणारी. समृद्धी चौकात बसलेली, मान खाली, कान मागं. तिच्या पाठीवर हात पडला.

"खो," नाना म्हणाले. ह्या वेळी स्वच्छ.

ती उठली. वळली नाही. खांबाकडं झेपावली, आणि सूर मारून त्या पोरीच्या टाचेला तिची बोटं लागली. शिट्टी. पुढचं मला नीट दिसलं नाही. नाना डाव्या हातानं खाटेची पाटी बडवत होते आणि खो, खो, खो म्हणत होते, आणि मी त्यांच्या पायांशी बसून रडत होते.

वैजयंती ओरडा ऐकून पळत आली. अंगणातला काळा खोका पाहून तिनं कपाळावर हात मारला. मग मला उठवताना थबकली.

"वहिनी, पाठीला राख कशाची लागलीय तुमच्या?"

पाच बोटं होती. तिनं आपला पंजा वर धरून पाहिला आणि हळूच म्हणाली, "डावा हाय ह्यो..." मग पदरानं झटकलं.

तो खोका माझ्या जुड्यांचा होता. अकरा जुड्या करपल्या, बाकीच्या भिजल्या त्या उन्हाला टाकल्या. करपलेली वात देवाला चालत नाही. म्हणजे एक उरलेली आणि ह्या अकरा, बाराशे वाती, आणि हातात एक दिवस. मी म्हटलं, पुढच्या कार्तिकात. वैजयंती म्हणाली, "पुढच्या कार्तिकात का म्हनून? गावात बायका मेल्यात का?" शुक्रवारी दुपारी आमची ओसरी भरली. रात्रभर प्रवास करून आलेली समृद्धी पदक गळ्यात घालूनच वळायला बसली. तिचं वळण इतकं वाईट की बायका हसून हसून लोळल्या. नाना खाटेवरून प्रत्येकीला खो देत होते. संध्याकाळी देवळात लाख वाती एकदम पेटल्या तेव्हा दीपमाळेपर्यंत लख्ख झालं. आत्याबाईंचा नेम फिटला. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

नाना आता पंधरा-वीस शब्द बोलतात. समृद्धी राष्ट्रीय स्पर्धेच्या शिबिराला गेली आहे. भिंतीत नवीन बोर्ड बसवला, आणि बॉक्स त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेला नाही.

उद्यापनानंतर द्राक्षाचा एक रिकामा खोका मी कोपऱ्यात ठेवला होता, दाराजवळ. परवा केर काढताना हलवला तर आत काहीतरी सरकलं. एक जुडी. शंभराची, दोऱ्यानं बांधलेली, राखेनं मऊ झालेली. बोटांनी चाचपली. पीळ उलटा.

काल दोन होत्या.

कुणाचा नेम आहे, कशासाठी आहे, मला कळायला मार्ग नाही. पडदा आता काळा होत नाही ना, त्यामुळं कोपऱ्यात कोण बसलंय ते दिसत नाही. मी तिथं रोज थोडा कापूस ठेवते.