रिकाम्या सीटचं वजन

गाडी घ्यायचं ठरलं ते आईच्या रोजच्या दोन बसांमुळे, आणि कुठली घ्यायची हे ठरवायला बाबांना सात महिने लागले. सात महिने घरात दुसरा विषय नव्हता. भिंगरी म्हणायची, माझं नाव ठेवतानासुद्धा तुम्ही एवढा विचार केला नसेल. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण सोळा वर्षांत ती एका जागी पाच मिनिटं बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून तेच चिकटलं.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. वाण्याकडचे, गोदामातले, दवाखान्यात बाळं तोलतात ते, आणि शहराबाहेरच्या रस्त्यावर अख्खा ट्रक उभा करून तोलायचा तो अवाढव्य काटासुद्धा. "डोळ्यांचं काय, कुणावरही भाळतात," ते म्हणायचे. "काटा भाळत नाही." आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती म्हणायची, जरा जपून बोला, या घराचं अर्धं पोट डोळ्यांवर चालतं.

शेवटी मनाजोगती सापडली. छोटी, राखाडी, पेट्रोलवरची, एकाच हातातली. दिसायला अगदीच साधी, पण रोज जाण्यायेण्याला बरी, कुठल्याही बोळात वळणारी आणि पेट्रोलच्या बाबतीत चिमणीच्या पोटाची. विकणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवत. त्यांच्या खांद्याला एक पिशवी होती आणि तिचा पट्टा खांद्यात चांगला रुतला होता. भिंगरीनं दोनदा म्हटलं, द्या ना, मी धरते. त्यांनी दिली नाही. सह्या करतानाही पिशवी खांद्यावरच.

चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर एक कॅनव्हासची गोणी होती. पट्टा लावून बसवलेली, एखाद्या पाहुण्यासारखी.

"ती असू द्या तिथं," बाई म्हणाल्या. "ती सीट रिकामी ठेवू नका." नळ नीट बंद करा, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात.

बाबांनी मान हलवली, आणि घराला लागूनच असलेल्या आपल्या दुकानाशी पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर गोणी उतरवून काट्यावर टाकली. चाळीस किलो. आत नुसती खडी. चाळीस किलो खडी फिरवत पेट्रोल जाळायला आपल्याला काय वेड लागलंय, असं म्हणत त्यांनी ती फाटकाजवळच्या खड्ड्यात ओतली. मग गाडीत एकूण किती भार पडणार ते ठरवायला त्यांनी घरच्यांनाही एकेक करून काट्यावर उभं केलं. बाबा एकाहत्तर, आई अठ्ठावन्न, भिंगरी पंचेचाळीस. आकडे खडूनं दुकानाच्या दारामागे लिहिले.

पहिला महिना नुसता आनंदाचा होता. आई बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली होती आणि आता अशी चालवायची, की जन्मल्यापासून तिला दुसरं कामच नव्हतं. सकाळचा अर्धा तास तिला परत मिळाला होता. त्या अर्ध्या तासात ती खिडकीशी बसून चहा प्यायची, कुणाशीही न बोलता, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते भिंगरीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. बाबा दर वेळी टाकी काठोकाठ भरायचे, पुढच्या वेळी परत काठोकाठ, आणि मधल्या किलोमीटरांना लिटरनं भागायचे. लिटरला साडेएकवीस. ते दिवसभर शीळ घालत होते.

पुढच्या टाकीला वीस. त्याच्या पुढच्या टाकीला एकोणीसला थोडं कमी.

चाकांतली हवा बघून झाली, प्लग बदलून झाले. मेकॅनिकनं सगळं उघडलं, परत लावलं आणि हात पुसत विचारलं, की मागे-पुढे काही जड सामान ठेवता का. तुमची गाडी भरल्यासारखी चालतेय.

मग ती टुकटुक सुरू झाली. शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की गाडी वाजते, तीच. सुरुवातीला खड्ड्यात एकदोनदा, मग रोज, घरापासून चष्म्याच्या दुकानापर्यंत सलग. सीटवर आईची पर्ससुद्धा नसायची. कंटाळून आईनं रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. आवाज थांबला. संध्याकाळी भिंगरीनं सहज खिडकीतून पाहिलं. पट्टा सीटला टेकला नव्हता. वितीभर पुढे होता, फुगीर, ताणलेला. तिनं दार उघडेपर्यंत तो सैल पडलेला होता.

त्यांच्या घरात माडीवर जायला लाकडी जिना होता. तिसरी पायरी इतकी करकरायची की तिच्यावरून मांजरसुद्धा चोरून जाऊ शकत नसे. त्या रात्री जेवणं झाल्यावर भिंगरी जिन्याखाली अभ्यास करत बसली होती. आई चादरींची चळत घेऊन वर गेली. भिंगरीनं दोन ओळी लिहिल्या आणि मग तिचा हात थांबला.

पायरी वाजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं हट्टानं आईला दुकानात नेलं. चव्वेचाळीस. बाबांनी काटा रिकामा केला, वीस किलोची दोन प्रमाण वजनं ठेवली. काटा बरोबर चाळीस दाखवत होता. आई परत चढली. चव्वेचाळीस.

आणि आई मुळीच बारीक झाली नव्हती. तेच गाल, तोच दंडाला घट्ट बसणारा ब्लाउज, बोटातली तीच न निघणारी अंगठी. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. शेवटी ते म्हणाले, तुमचा काटा बिघडला असेल. बाबा तिथून तडक उठले. आई हसत होती. वजन उतरलं म्हणून सुतक पाळणारी तुम्ही जगातली पहिलीच माणसं, असं म्हणत होती. पण गाडीचं दार लावायला तिला दोन्ही हात लावावे लागले, हे भिंगरीनं पाहिलं.

तिनं गणिताच्या बाईंना फोन लावला. बाईंनी एवढंच विचारलं, की गोणी काढली का, आणि गाडी चालवतं कोण. आई, असं भिंगरीनं सांगितलं.

"त्यांना म्हणावं, अंगावर काहीतरी जड ठेवत जा," बाई म्हणाल्या. "वाऱ्याच्या दिवशी विसरू नका."

भिंगरीनं खड्ड्यातली खडी बोटं सोलेपर्यंत उकरली, गोणी भरली, बाबांच्या मदतीनं त्याच सीटवर बसवली, पट्टा लावला, गाडीला कुलूप घातलं. सकाळी गोणी मागच्या सीटवर होती. पुढचा पट्टा लावलेलाच होता.

त्या दिवसापासून गाडीची किल्ली बाबांच्या खिशात गेली. आई परत दोन बसांवर आली. तरी बुधवारी काटा छत्तीसवर आला आणि शुक्रवारी एकवीसवर. बाबांनी तिच्या पर्समध्ये पितळेची दोन वजनं घातली. रात्री ते जागेच असायचे. दारामागच्या आकड्यांपुढे उभे राहायचे, आणि आई हाक मारायची तेव्हा आधी आकड्याकडे बघायचे, मग तिच्याकडे. डोळ्यांत असं काही असायचं, की जणू कुणाची तरी ओळख पटवायची आहे.

रविवारी दुपारी ते म्हणाले, मोठ्या काट्यावर जाऊ. म्हणजे गेलंय कुठं ते तरी कळेल.

मोठा काटा रविवारी बंद असायचा, पण किल्ली बाबांकडे होती. वारा सुटला होता. मोकळं आवार, मधोमध जमिनीच्या पातळीत लोखंडी फळ्या, बाजूला केबिन, आणि काचेमागे लाल आकड्यांची पेटी. हा काटा पाच-पाच किलोंच्या टप्प्यानं मोजतो, हे बाबांनी सवयीनं सांगितलं. गोणी उतरवली. आईच्या पर्समधली वजनं काढून केबिनच्या पायरीवर ठेवली. गाडी फळ्यांवर घेतली. आईला शेजारच्या सीटवरच बसू दिलं आणि बाबा व भिंगरी खाली उतरून केबिनपाशी गेले.

पेट्रोल धरून गाडी सातशे सत्तर भरायला हवी होती.

पेटी आठशे तीस दाखवत होती.

बाबांनी बोटांवर मोजलं. सातशे सत्तर आणि साठ. आईचे अठ्ठावन्न, पाचाच्या टप्प्यात. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"भरलं," ते म्हणाले. "आहे गं. सगळीच्या सगळी आहे."

भिंगरी धावत गेली, आईचं दार उघडलं, तिचा हात धरून तिला उतरवलं. हात उबदार होता. धरलेला हात शाईनं काढल्यासारखा स्पष्ट दिसत होता, पण त्याचं वजन हाताला काहीच लागत नव्हतं. दोघी फळ्यांवरून बाजूला झाल्या आणि तिनं वळून पाहिलं.

आठशे तीस.

गाडीत टुकटुक सुरू झाली.

"अहो," आई म्हणाली.

बाबांनी पेटीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. परत पेटीकडे. मग ते सावकाश गाडीपाशी गेले, वाकून आत हात घातला आणि रिकाम्या सीटचा पट्टा लावला. टुकटुक थांबली. आईच्या डोळ्यांवर ऊन यायचं तेव्हा ते नेहमी जसं करत, तसं त्यांनी त्या बाजूचं झापड हळूच खाली केलं.

"आता बरंय?" त्यांनी विचारलं. सीटला.

आईनं परत हाक मारली, या वेळी जरा मोठ्यानं. त्यांनी मान वळवली नाही. ते स्टिअरिंगमागे बसले. दार लागलं.

त्यांना अडवायला भिंगरी आईला ओढत फळ्यांवर धावली. गाडी तोवर पलीकडून उतरली होती. आवाराबाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली.

दोघी काट्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. वाऱ्यानं आईचा पदर उडाला, आणि आईनं दोन्ही हातांनी लेकीचा दंड गच्च धरला.

काचेमागचे लाल आकडे खाली आले. थोडे थरथरले. मग थांबले.

पंचेचाळीस.