हिरव्या कापडाची साक्ष

"माझी सून उलट बोलते, उशिरा उठते, पण चोरी करत नाही," मदत मागायला आलेल्या सासूबाईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच वहिनींना सांगून टाकलं. "आज चारला तिला कामावरून काढणार आहेत. त्याआधी काय ते करा."

वहिनी गुन्ह्यांचा छडा लावायच्या आणि त्यांचे दीर, भाऊजी, वही घेऊन मागे फिरायचे. दिसायचं सगळं भाऊजींना. कळायचं मात्र वहिनींना.

साथीच्या बंदीत ज्यांचा माल शेतातच सडला, त्यांना सरकारने मदत दिली होती. वाटपाआधी यादी कचेरीबाहेरच्या काचपेटीत तीन महिने लावायची, म्हणजे कुणालाही हरकत घेता येईल, असा नियम. हरकत आली नाही, पैसे वाटले गेले. आता फायलीत यादीचे दोन कागद निघाले, आणि दुसऱ्यावरच्या अकरा जणांकडे कुंडीएवढीही जमीन नव्हती. यादी कचेरीत कामाला असलेल्या सुनेने टाइप केलेली. आळ तिच्यावर.

कचेरीशी पोचताच भाऊजी काचपेटीला टेकले आणि चटका बसून मागे सरले. पेटी भर उन्हात, रिकामी. आतलं हिरवं कापड वाळल्या गवतासारखं विटलेलं, मधोमध तेवढा कागदाएवढा एक चौकोन गर्द.

"कापडाची रया गेली," भाऊजी म्हणाले. वहिनी शिपायाकडे वळल्या.

शिपायाने सांगितलं, काच तो बाहेरूनच पुसतो. किल्ली हेडक्लार्कच्या पट्ट्याला, जेवतानाही सुटत नाही. सुनेने डोळे पुसत सांगितलं, तिने एकच कागद टाइप केला होता. कॉम्प्युटरचा पासवर्ड मात्र चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवलेला, कुणीही बसावं.

हेडक्लार्क लोण्यासारखे बोलले. दोन्ही कागद त्यांनी स्वतः शेजारी शेजारी लावले, स्वतःच काढले. पैसे सुटायला तसं सहीनिशी लिहूनही दिलं होतं. "लोक आपलं नाव शोधतात आणि जातात. दुसऱ्याचं कोण वाचतो?"

कचेरीच्या साहेबांनी फाइल दिली. दोन्ही कागदांना चारी कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं. वहिनींनी ते खिडकीशी धरले. पहिला पिवळा पडलेला, भोकांभोवती गंजाची कडी. दुसरा पांढराशुभ्र. भाऊजींनी वहीत लिहिलं, 'भोकं दोन्हींना, म्हणजे दोन्ही लागले होते. सून अडकली.'

पावणेचारला वहिनींनी सगळ्यांना काचपेटीसमोर उभं केलं.

"तीन महिन्यांच्या उन्हात कापड विटलं. कागदाखालचं तेवढं वाचलं. दोन कागद असते तर चौकोन दोन असते. दुसरा कागद इथे लागलाच नाही. भोकं नंतर पाडली, म्हणून त्यांना गंज नाही."

"पण सुनेनेच तो मागाहून फायलीत घुसवला असेल तर?" भाऊजींनी विचारलं.

"मग हेडक्लार्क म्हणाले असते, मी एकच लावला. खरं तेवढं बोलले असते तरी सून अडकली असती. पण दोन लावले अशी सही देऊन ते पैसे सोडून बसले होते. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती, म्हणजे आत काय लागलं हे नक्की ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तोच खोटं बोलला. लोक दुसऱ्याचं नाव वाचत नाहीत, हेही खोटं. या अकरा जणांना गाव ओळखतं. कागद लागला असता तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. म्हणूनच तो लागला नाही."

हेडक्लार्कचा हात पट्ट्याकडे गेला. साहेबांनी तिथूनच किल्ली काढून घेतली, बडतर्फीचा हुकूम फाडला आणि दोन्ही कागद आत्ताच्या आत्ता लावायला सांगून किल्ली सुनेच्या हातात दिली.

ती टाचण्या लावेपर्यंत काचेपुढे दाटी झाली. आपलं नाव कुणीच शोधत नव्हतं. सगळे दुसरा कागद मोठ्याने वाचत होते.

सुनेने किल्ली कमरेला खोचली. सासूबाईंनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"शोभते," त्या म्हणाल्या. "पण घरच्या किल्ल्या अजून माझ्याच कमरेला आहेत, हे ध्यानात असू दे."