गॅरेजात आली की शहाणी

"दादा, जरा बघता का? गाडी फार आचके देतेय हो…"

ज्याला 'दादा' म्हटलं ती ठकी होती. पाठमोरी, उकिडवी बसून स्कूटरचं चाक काढत होती. अंगात बाबांचा जुना निळा डगला, डोक्याला फडकं, हातात पाना. विचारणारा मोटरसायकल ढकलत चढ चढून आलेला, घामाने निथळणारा, आणि त्याचा चष्मा पार धुरकटलेला.

ठकी वळली. "दादा नाहीये. पण बघते."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत चढवला… आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस, आणि त्याला समोरची मुलगी दिसू नये! ठकीला हसू आवरेना. त्यालाही मग आवरेना.

तर अशी ती पहिली भेट. पण गंमत पुढेच. बाबांनी किक मारली आणि गाडी एका फटक्यात सुरू! आवाज कसा, तर मांजर कुशीत घुरघुरावं तसा. बाबांनी प्लग काढून पाहिला, कार्बोरेटर साफ केला, चार गल्ल्या फिरवून आणली. एक आचका देईल तर शपथ.

दोन दिवसांनी चष्मेवाला परत हजर, ढकलत. परत तेच. गॅरेजात आली की गाडी शहाण्या बाळासारखी. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा बाबांनी शांतपणे हात पुसले आणि ठकीला आत बोलावलं.

"ठके, गाडीला काही झालेलं नाही. झालंय ते गाडीवाल्याला. मीही तरुण होतो. तुझ्या आईच्या दारासमोर माझ्या सायकलची चेन किती वेळा पडायची, विचार तिला."

"पडायची नाही, पाडायचे!" स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

"पण चढवायचो तर मी स्वतःच ना! हा मला राबवतो. ठके, मनात काही असेल तर सरळ बोलावं माणसानं. आजारी नसलेल्या गाडीला आजारी म्हणणारा उद्या काय काय म्हणेल? आज तू बस मागे, जा याच्या रोजच्या रस्त्याने. गाडी तुझ्यादेखत अडली तर मी हात जोडीन. नाही अडली, तर त्याला सांग, पुन्हा ही पायरी चढायची नाही."

ठकीने हेल्मेट चढवलं. तिची आपली वेगळीच ओढाताण. गाडी अडली नाही, तर हा खोटारडा. आणि अडली… तर मग हा नुसत्या गाडीसाठीच येत होता की! दोन्हीकडून आपलंच नुकसान. तरी मनातल्या मनात ती म्हणत राहिली, अड बाई, अड. याला खोटं पडू देऊ नकोस. बाकीचं मी बघून घेईन.

गाडी कसली अडतेय! चढ उतरली, पूल ओलांडला, थेट चष्मेवाल्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत लोण्यासारखी गेली.

"आज काय झालंय हिला?" तो रडकुंडीला आला. "खरंच हो, रोज अडते."

"माझ्यासमोर लाजत असेल."

"ती नाही लाजत…" तो पुटपुटला, आणि आरशात तिची नजर चुकवली.

गाडी वळवतात तोच पाऊस भुरभुरायला लागला. चष्मेवाल्याने गाडी कडेला घेतली. खिशात हात घातला, बाहेर काढला. परत घातला.

"तुम्ही… जरा तिकडे बघा ना."

"का? काय लपवताय?"

शेवटी निघाली ती एक टोपी! गुलाबी फुलाफुलांची, आतून प्लास्टिक लावलेली, कडेला इलॅस्टिक. बाळाला घालतात ना, अगदी तशी. मान खाली घालून त्याने ती टाकीच्या झाकणावर घट्ट बसवली.

"आईनं शिवलीय. पेट्रोलमध्ये पाणी जाईल म्हणून. सकाळी निघताना ती स्वतः घालते. पावसात काढायची नाही असं कबूल केलंय मी."

"मग गॅरेजात कधी दिसली नाही ती?"

"तुमच्या कोपऱ्यावर काढून ठेवतो." कान पुन्हा लाल. "तुम्ही हसला असता."

ठकी हसली नाही. म्हणजे, फारशी नाही.

गाडी निघाली. पूल येईपर्यंत ठीक. पूल संपला आणि… फट्. फट् फट्. एक आचका, दुसरा आचका. ठकीचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं. चढाच्या पायथ्याशी गाडीने मान टाकली.

"अडली!" ठकी अशी ओरडली, जणू लॉटरी लागली.

"मी सांगत होतो!" तोही ओरडला.

त्या पावसात दोघं बंद गाडीभोवती आनंदाने नाचायचे तेवढे बाकी होते. मग ठकी वाकली. बाबा आधी प्लग बघतात, आवाज ऐकतात. तिने मात्र नुसतं पाहिलं, नीट, डोळे बारीक करून. गुलाबी टोपीच्या मधोमध एक छोटीशी खळी पडली होती. आतून कुणी ओढून धरावी तशी.

तिने टोपी उचलली. झाकणाला हवेसाठी असतं ते बारीक भोक उघडं पडलं आणि आत एक लांब 'सूऽऽ' झालं.

"ऐकलंत?" तिचे डोळे लकाकले. "पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत जायला हवी. टोपी भोकावर चिकटून बसते. थोडा वेळ चालते गाडी, मग घुसमटते बिचारी. आणि आमच्याकडे येताना तुम्ही टोपीच काढून ठेवता! बाबांना रोग दिसणार कसा?"

तिने किक मारली. घुरघुर! एकदा जमलं म्हणून ती भुलणारी नव्हती. टोपी परत घालून तिने पुलापलीकडे एक लांब फेरी मारली. परत येताना त्याच जागी तोच आचका. टोपी काढली, गाडी सुरळीत.

"सापडला!" तिने मूठ हवेत उंचावली. "खोटं बोलत नव्हता तुम्ही!"

"आईला आता काय सांगू?" तो हळूच म्हणाला.

"काही नको. मी येते, मी सांगते. टोपी सुरेखच शिवलीय, श्वासापुरती जागा ठेवायची तेवढी राहून गेली." आणि मग तिचा चेहरा जरासा उतरला. "चला… म्हणजे आता गॅरेजात यायचं काही कारण उरलं नाही तुम्हाला."

तो काही बोलणार, एवढ्यात समोरून हाक आली.

"काय साहेब! आज तरी इथं थांबणार, की निघालात वर ढकलत?"

ठकीने वळून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडेच एक मोठं गॅरेज होतं, आणि दारात स्टुलावर तंगड्या पसरून बसलेला मिस्त्री.

"ताई, तुम्हीच समजवा यांना," मिस्त्री म्हणाला. "माझ्या दारात गाडी अडते, मी हाका मारतो, आणि हे आपले 'नको नको' करत एवढा चढ ढकलत जातात. वरच्या गॅरेजात असं काय ठेवलंय कोण जाणे!"

ठकीने चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्म्यावर थेंबच थेंब, तरी त्याने या वेळी नजर वळवली नाही.

"पहिल्या दिवशी हे गॅरेज बंद होतं," तो म्हणाला. "नंतर… उघडं होतं."

"एवढा चढ! ढकलत!"

"गाडी खरंच बिघडत होती, ठकी. पण ती कुठं दाखवायची, ते… ते माझं मी ठरवलं होतं. मला तू आवडतेस. सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून ढकलत होतो."

पाऊस भुरभुरत होता. मिस्त्री स्टुलावरून अर्धा उठून बघत होता. ठकीने टोपी खिशात टाकली. हँडल स्वतःकडे घेतलं, मागची सीट थोपटली आणि म्हणाली, "बस. घट्ट धर."

चढ तिने एका दमात घेतला. हॉर्न वाजवत, वळणावर न रेंगाळता, गाडी थेट गॅरेजात घातली. बाबा दचकून उठले, आई पोळपाट सोडून दारात आली. ठकीने एका दमात सगळं सांगितलं आणि टोपी बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी भोक पाहिलं, टोपी पाहिली, आणि चष्मेवाल्यासमोर खरंच हात जोडले.

"चुकलो रे. चल, झालं तर मग. आता काही ही गाडी अडत नाही."

"नाहीच अडणार," ठकी म्हणाली. "तरी हा येणार. रोज."

"कशाला?"

चष्मेवाला उत्तराला तोंड उघडणार होता, पण ठकीने त्याला बोलूच दिलं नाही.

"मी बोलावलंय म्हणून."