टाकीतला दांडा

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा वायनरीच्या मालकाला टाकीतून काढून टाकीघराबाहेरच्या ओट्यावर निजवलं होतं. अंगावर चादर होती. चादरीबाहेर आलेली शर्टाची बाही ओली, पांढरी, चिकट. खिशात काचेचा तापमापक, तो फुटलेला नव्हता.

मालकाची बायको पायरीवर बसली होती. मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ. बाळाच्या टोपीची नाडी ती पुन्हा पुन्हा बांधत होती.

"पंखा मी बंद केला," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

"कुठला पंखा, ताई?"

"टाकीघराचा. वायू बाहेर काढणारा. आमची झोपायची खोली भिंतीला लागून आहे. दात येतायत, सकाळपासून डोळ्याला डोळा लागला नव्हता हिचा. पंखा थांबला की झोपते. म्हटलं, थोडा वेळ." तिने नाडी सोडली. "ही झोपली. मला बरं वाटलं."

आवाजात काहीच नव्हतं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

बाई आत गेल्या. टाकीघर गार, अंधारं. स्टीलच्या टाक्या भरलेल्या, बंद. एकच जुनी सिमेंटची टाकी उघडी, माणसाच्या दीडपट उंच. तिच्या काठाशी लोखंडी मचाण, मचाणाला शिडी. टाकीवर पाटी, पाटीवर खडूने फक्त द्राक्षाच्या जातीचं नाव. बाई मचाणावर चढून बघून आल्या. रसावर मळकट पांढरा फेस होता आणि फेसात एक लांब लाकडी दांडा तरंगत होता, टोकाला गोल फळी ठोकलेला. दाराजवळच्या भिंतीवर एक खुंटी रिकामी होती.

"तो दांडा कशाचा?"

"सालांचा थर दाबायचा दांडा," मागून मुकादम म्हणाला. तो घामाघूम झाला होता. "लाल वाइन सालांसकट आंबवतात ना मॅडम, सालं वर येतात, ती खाली ढकलावी लागतात. मी सांगून ठेवतो, मी तेव्हा जेवत होतो. सगळ्यांनी पाहिलंय. दोनदा भाजी मागून घेतली."

"मी काही विचारलंय का?"

"विचाराल म्हणून सांगितलं."

"हा वायू कुठे असतो?"

"रस आंबताना सुटतो. जड असतो, खाली बसतो, त्यात माणूस गुदमरतो. टाकीत तर फेसावर असतोच, पंखा कितीही फिरवा. खाली जमिनीशी साचू नये म्हणून पंखा."

"आणि मचाणावर?"

मुकादमाने मालकिणीच्या दिशेने पाहिलं, आवाज खाली आणला. "काय सांगणार, मॅडम. पंखा बंद होता खरा."

"यंदा द्राक्ष कसं आलं?"

"आलं कुठे? गारा पडल्या. आमची वेल झोडपून निघाली. मालकांनी डोंगरातून माल आणला. आम्ही सगळ्यांनी मिळून रातंदिवस तो दाबला."

मागच्या अंगणात खड्डा होता. त्यात काळ्या सालांचा ढीग वाळत पडला होता, वर चिलटं. बाई बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग चव घ्यायच्या दालनात गेल्या.

तिथे मालकाचा धाकटा भाऊ बसला होता. शहरातला विक्रीचा कारभार त्याच्याकडे. इस्त्रीचे कपडे, लाल डोळे.

"तुम्हीच पाहिलंत आधी?"

"हो. मी आज दुपारीच आलो, बाहेर ताटकळत बसलो... जाऊ दे. दादा म्हणाला, थर दाबून येतो, तू बस. बराच वेळ आला नाही. बघायला गेलो तर..." त्याने हात तोंडावर घेतला. "वहिनीला बोलू नका काही. तिला कळलं नाही. बाळाच्या नादात होतं माणसाचं."

"तुम्ही शिडी चढलात?"

"नाही. दारातून पाहिलं, खुंटीवर दांडा नाही, मचाणावर दादा नाही. ओरडलो. माणसांनीच काढलं."

भिंतीवर देशाचा मोठा नकाशा होता, वाइनचे पट्टे वेगवेगळ्या रंगांत.

"हे समजावून सांगाल? मला यातलं ओ की ठो कळत नाही."

तो उठला. पाहुण्यांना रोज सांगत असावा, शब्द आपोआप येऊ लागले. "हा किनारा, दमट, इथे जाड सालीचं पांढरं. हा माळ, उन्हाचा, इथे गोड दाट वाइन. आपण इथे, नदीकाठी. आपलं हे लहान दाण्याचं काळं द्राक्ष. लाल वाइनसाठी नाव आहे त्याचं."

"आणि डोंगरात? तिथेही तोच रंग दिसतोय."

"द्राक्ष तेच. पण थंडीत नीट पिकत नाही, आंबट राहतं. लाल करून उपयोग नाही. म्हणून ते लगेच दाबतात, सालं फेकतात, नुसता रस आंबवतात. काळ्या द्राक्षाची पांढरी वाइन. लोकांना खोटं वाटतं."

"वाटेलच," बाई म्हणाल्या.

त्यांनी मालकिणीला आणि मुकादमाला आत बोलावलं. हवालदार दाराशी थांबला. बाळ आईच्या खांद्यावर जागं होतं.

"मालक टाकीत पडले तेव्हा थर दाबत होते, असं सगळे धरून चाललेत. कारण दांडा टाकीत आहे. मुकादम, त्या टाकीत दाबायला काय आहे?"

मुकादमाचं तोंड उघडं राहिलं. "काही नाही. सालं तर खड्ड्यात. मॅडम, यंदा इथे लाल झालीच नाही!"

"म्हणून शर्ट पांढरा राहिला. लाल रसातून काढलेल्या माणसाचा राहिला नसता. खिशात तापमापक होता, मालक रसाचं तापमान बघायला चढले होते. त्यांना दांड्याचं कामच नव्हतं. दांडा कुणीतरी नंतर टाकला, अपघात वाटावा म्हणून. इथल्या प्रत्येकाने तो माल स्वतः दाबून सालं फेकली होती. इथला माणूस दुसरं काहीही टाकेल, दांडा टाकणार नाही." त्या धाकट्याकडे वळल्या. "ज्याने पाटीवर फक्त जात वाचली, त्याला वाटलं नदीकाठचं द्राक्ष, म्हणजे लाल. काठावरून वाकून बघायला तो वायूला घाबरला. आणि 'थर दाबून येतो' असं मालक म्हणाले, हे फक्त तुम्ही सांगता. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही."

"दादाच्या तोंडून सवयीने गेलं असेल."

"गारपिटीत वेल गेलेल्या माणसाच्या?"

 धाकट्याने वहिनीकडे पाहिलं, तक्रार केल्यासारखं.

"मला कुणी सांगितलंच नाही, गारा पडल्या म्हणून."

 तो काय बोलून बसला ते त्यालाही उशिराच कळलं.

"मुद्दाम सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला असता, आता तरी वायनरी विका."

"विकायलाच हवं होतं! विकत घेणाऱ्या कंपनीला मी शब्द दिला होता. हा ऐकून घेईना. पाठ फिरवून उभा, माझ्याशी बोलता बोलता रस बघतोय. मी नुसता..." त्याने हात पुढे केला, आणि तो हात तसाच राहिला.

हवालदाराने तोच हात धरला.

धाकट्याला नेल्यावरही मालकीण उभीच होती. बाळाने तिचे केस मुठीत धरले होते, ती सोडवत नव्हती.

"पण पंखा बंद होता," ती म्हणाली. "चालू असता तर?"

"ताई, ढकलणारा मालकांच्या मागे त्याच मचाणावर होता. मग खाली उतरला, भिंतीवरचा दांडा काढला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. तीच हवा मालकांपेक्षा जास्त वेळ त्याने घेतली आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. टाकीघरातल्या हवेने कुणी मेलं नाही. टाकीतल्या वायूने मेले, आणि तिथे पंखा पोचत नाही."

तिने मान डोलावली. पत्ता समजल्यावर डोलावतात तशी.

"परत सांगता?"

बाईंनी परत सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमाने.

"आता कळतंय. रात्री नाही कळणार."

"मग फोन करा. परत सांगेन."

"रोज केला तर?"

"रोज सांगेन," बाई म्हणाल्या आणि नंबर लिहायला कागद शोधू लागल्या.