लाल खुणेच्या पलीकडे

"त्या पोरीला क्लबातून काढा, विमान आपोआप सुधारेल," अध्यक्ष प्रेबेन म्हणाले.

डेन्मार्कच्या युटलंडमधल्या त्या छोट्या फ्लाइंग क्लबचं एकुलतं एक विमान थंडी सुरू झाल्यापासून छळत होतं. उतरलं की पुढचं चाक थडथडायचं आणि अख्खं विमान हादरायचं. तरुण सभासद सिग्ने विमानाचं नाक आपटून उतरते असं ठरवून प्रेबेननी तिचं उड्डाण बंद केलं होतं. उद्या कमिटी तिला कायमची काढणार होती. म्हणून सिग्नेनेच खासगी गुप्तहेर गुद्रुनबाईंना बोलावलं. सोबत मदतनीस आयनार होता. माणूस सोन्यासारखा, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

"पोरगी रडवेली झालीय. तिनंच केलंय," तो कुजबुजला.

"तू चहासोबतचा केक खा," गुद्रुनबाई म्हणाल्या.

विमान ठेवायच्या हँगरमध्ये प्रेबेनची लांबलचक कॅराव्हान, म्हणजे सहलीचं चाकांवरचं घर, उभी होती आणि विमान कोपऱ्यात तिरकं कोंबलं होतं. गुद्रुनबाई पुढच्या चाकाशी ओणवल्या. "ही लाल खूण कसली?"

"त्यापुढे चाक वळवायचं नाही," मेकॅनिक टोर्किल म्हणाला. "चाक बदललं, थरथर दाबणारा डँपर बदलला. गेल्या रविवारी नवा बसवला, तोही ढिला! वैताग आलाय नुसता."

"सिग्ने, तू शेवटची कधी उडालीस?"

"महिना झाला. विमानाला हातसुद्धा लावू देत नाहीत."

"प्रेबेन, कॅराव्हान कधी आणलीत?"

"थंडी पडली तेव्हा. त्याचा काय संबंध?"

"काही नाही. विमान जरा बाहेर काढून परत लावून दाखवता?"

विमान बाहेर आलं. मग आत घेताना प्रेबेननी पुढच्या चाकाला लावलेला ओढायचा दांडा सवयीने डावीकडे पिळला. खूण ओलांडली गेली. आतून कट् असा आवाज आला.

"अरे देवा!" टोर्किल ओरडला.

"नवा डँपर बिघडला तेव्हा सिग्ने जमिनीवर होती," गुद्रुनबाई म्हणाल्या. "शिवाय चाक अडवणारी खुंटी फक्त डाव्या बाजूला वाकलीय. आपटून उतरलं तर एकच बाजू पिळली जात नाही. कॅराव्हान आली, जागा उरली नाही, म्हणून कोपऱ्यात घुसवताना चाक खुणेपलीकडे पिळलं जातं. रोज विमान आत कोण लावतं, प्रेबेन?"

प्रेबेन लालबुंद झाले. "मीच. दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता माझा."

"मग सिग्नेनं नव्हे?" आयनार म्हणाला.

 प्रेबेननी मान खाली घालून दांडा सिग्नेपुढे धरला. "चुकलो मी. कमिटीला मीच सांगतो. आता तूच लाव आत."

सिग्नेने दांडा घेतला, लाल खुणेकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"लावते की. आधी तुमची कॅराव्हान बाहेर काढा."